सरळ रेघेचा माणूस

डिश बसवायला येणारा माणूस आल्या आल्या विचारतो, गच्चीचा जिना कुठं आहे. भाऊ आले ते दारात चपला काढून, पिशवी भिंतीला टेकवून म्हणाले, "घरात कोण कुठं बसते?"

राइस मिलमधली मुनीमकी संपली आणि ह्यांनी, म्हणजे आमच्या घरधन्यांनी, गोंदियाला लागून कुडव्यात घर बांधलं, तेव्हाची ही गोष्ट. भिंतींना पुट्टी झाली होती, रंग व्हायचा होता, आणि रंगाच्या आधी टीव्हीची वायर भिंतीत घालून घ्यायची होती. हे म्हणाले, "बसायचं काय विचारून राहिले? डिश वर, टीव्ही खाली, मधात वायर. संपलं."

"टीव्ही कोण पाहते, डिश का माणूस?" असं म्हणून भाऊ ह्यांच्या खुर्चीत जाऊन बसले. नुसते बसले नाहीत. पायावर पाय टाकला, पोटावर दोन्ही हात ठेवले, मान डावीकडं कलती केली. अगदी हेच बसलेत असं वाटलं. मी पदर तोंडाशी धरला.

"असेच बसता ना तुमी?"

"माझी मान डावीकडं जाते, कोण म्हणते?"

"खुर्ची म्हणते. डाव्या हाताची पालिश गेली आहे."

भाऊंच्या पाठीमागं सगळा कुडवा त्यांना ओळंबा म्हणायचा. ओळंबा म्हणजे मिस्त्री लोक दोरीला लोखंडी गोळा टांगून भिंत सरळ उभी आहे का बघतात ना, ते. तोंडावर भाऊ. अंगानं गोळ्यासारखे नव्हते, उलट वाळल्या शेंगेसारखे होते, पण वाकडं काही दिसलं की त्यांना चैन पडत नसे. तुमच्या घरी चहा प्यायला बसले आणि देवाचं कॅलेंडर तिरकं असलं, की हातातला चहा थंड होऊन जाई पण आधी कॅलेंडर सरळ होई. एकदा सत्यनारायणाच्या पूजेला आले होते तर भटजींच्या मागं जाऊन चौरंग दोन बोटं सरकवून आले. भटजी मंत्र विसरले.

घराणं अर्जुनी मोरगावकडचं, पिढ्यान् पिढ्या तळी बांधणाऱ्यांचं. माझंही माहेर तिकडचंच. हे कळलं त्या दिवसापासून वैनीची मी बाई झाले, म्हणजे बहीण झाले, आणि हे झाले जवाईबुवा. ह्यांना ते आवडायचं नाही. "हा माणूस वायर ओढायला आला का पाहुणचार घ्यायला?" म्हणायचे.

भाऊंचे बाबा तळ्यातून शेताकडं पाट काढायचे तेव्हा जमिनीला गाल लावून, एक डोळा मिटून उतार बघायचे म्हणे. भाऊ तेच भिंतीला करत. मोठा माणूस भिंतीला गाल लावून उभा, एक डोळा मिटलेला. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, ह्यांना चक्कर आली. मी पाणी घेऊन धावले. "पाणी नको बाई," ते तसेच गाल लावून म्हणाले, "पाणी कसं गेलं असतं ते पाहून राहिलो. पाणी अन् वायर, दोघायलेही वाट सरळ लागते. वाट वाकडी असली का पाणी मधातच बसून घेते, कंटाळलेल्या बैलासारखं."

त्यांना सगळ्यात जास्त राग वायरीच्या जोडाचा. गच्चीवरच्या डिशपासून खाली टीव्हीजवळच्या पेटीपर्यंत वायर एकसंध पाहिजे, मधे कुठं तुकडा जोडलेला चालायचा नाही. आमच्या शेजारी निवृत्त नर्स राहतात, त्यांना सगळे सिस्टरबाई म्हणतात. त्यांच्याकडं वायर दोन विती कमी पडली. दुसरा कोणी असता तर तुकडा जोडून, चिकटपट्टी गुंडाळून मोकळा झाला असता. भाऊंनी तीन मजल्यांची वायर उपसून काढली, वेटोळं खांद्यावर घातलं आणि चालले.

सिस्टरबाई पायरीवर येऊन म्हणाल्या, "अजी भाऊ, आज माझ्या मालिकेत लग्न आहे."

"होऊन जाऊ द्या लग्न. घटस्फोटापर्यंत नवी वायर येते."

"जोड देऊन टाका ना दोन दिवसासाठी."

"जोड म्हणजे काय बाई, दोघायनं एकमेकाचं तोंड धरून ठेवायचं. किती दिवस धरतीन?"

दुसऱ्या दिवशी नवं बंडल घेऊन आले. काढलेल्या वायरी त्यांनी कधी फेकल्या नाहीत. आमच्या गल्लीत जितक्या कपडे वाळवायच्या दोऱ्या आहेत तितक्या सगळ्या भाऊंच्या काळ्या वायरीच्या आहेत. मजबूत एवढ्या, की ओली सतरंजी टाकली तरी झोळ पडत नाही. आणि बांधल्याही त्यांनीच, म्हणून सरळ.

सरळपणाचं एवढं वेड, पण एका ठिकाणी मात्र वायर मुद्दाम लोंबती सोडायचे. बाहेरून भिंतीत शिरायच्या आधी वीतभर झोका खाली सोडायचा, मग वर चढवून आत घ्यायची. पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत येतं, ते झोक्याच्या बुडाशी टपकून जातं, घरात शिरत नाही. पलीकडच्या गल्लीत एका गुरुजींना वाटलं, काम ढिलं केलं. त्यांनी खिळे मारून झोका ताणून घेतला. पहिल्याच झडीत पेटीतून पाणी निघालं, टीव्हीवर बातम्या सांगणारी बाई हिरवी झाली. भाऊ गेले, खिळे उपटले, झोका परत सोडला आणि एवढंच बोलले, "पाण्याले उतरायले जागा नाही ठेवली, तं ते पाहुण्यासारखं घरातच येईन ना गुरुजी."

गच्चीवर ते अनवाणी चढत. मे महिना असो, स्लॅब तव्यासारखा तापलेला असो, चपला खाली. का, तर "वरून सिग्नल येऊन राहिला, देवाच्या परसादासारखा. कोणी पायात चपला घालून घेते का?" मग वर नुसते नाचत राहायचे, एक पाय खाली, एक पाय वर, आणि हातानं डिश केसाकेसानं फिरवायची. ते येणार असले की मी आधीच स्लॅबवर चार बादल्या पाणी मारून ठेवायची.

आणि चित्र आलं तरी त्यांचं काम संपत नसे. लोकांना वाटतं, आता नाच-गाणं लागलं, झालं. भाऊ रिमोट कोणाच्या हातात देत नसत. टीव्हीत कुठंतरी आत एक पान असतं, त्यावर सिग्नलच्या दोन पट्ट्या असतात. ते पान उघडून घरातल्या सगळ्यांना टीव्हीसमोर उभं करायचे. सगळे म्हणजे सगळे. पाळण्यातलं लेकरूसुद्धा कडेवर घेऊन. मग शाळेतला निकाल वाचावा तसं वाचायचे, "ब्याऐंशी." ऐंशीच्या खाली आलं की परत गच्चीवर. सिग्नल आल्याशिवाय चहाला हात लावत नसत. दिवाळीत कोणाकडं फराळाला गेले तरी आधी ते पान उघडून बघायचे, मग चकली उचलायचे.

आता ते लेकीकडं देवरीला असतात. मध्ये लेक भेटली होती, सांगत होती. अंगणात एक जुनी, उतरवलेली डिश होती, तिनं ती ताटासारखी आडवी ठेवून त्यात मोहफुलं वाळत घातली. भाऊंनी पाहिलं. दिवसभर त्या डिशभोवती घुटमळले. संध्याकाळी म्हणाले, "सुकव मोहा, माझं काही नाही. पण तिचं तोंड तं दक्षिणेकडं ठेव." आणि विटा लावून, जरा पूर्वेला कलवून, बरोबर आकाशातल्या जागेकडं तोंड करून दिलं. फुलं सगळी एका बाजूला घसरली. तशीच वाळवली तिनं.

आता आमच्या भिंतीची गोष्ट.

भिंतीत वायर घालायची म्हणजे छन्नीनं प्लास्टर फोडून एक नाली करावी लागते, तिला झिरी म्हणतात. झिरीत पाइप, पाइपात वायर, आणि शेवटी टीव्हीजवळ भिंतीत पांढरी प्लेट बसते, तो पॉइंट. बाकीचे लोक सकाळी येतात, संध्याकाळपर्यंत फोडून बुजवून जातात. भाऊंचा नेम वेगळा. आज नुसती रेघ, झिरी उद्या. निळीत बुडवलेला दोरा दोन टोकांना ताणून धरायचा, मधे बोटानं उचलून सोडायचा, टण्ण. भिंतीवर निळी रेघ उमटते, कागदावर पट्टीनं मारावी अशी. ती मारली की घरी जायचं. "रेघेवर एक रात्र जाऊ द्या. भिंतीले विचार करू द्या." आणि एकदा रात्र गेली की मग रेघ केसभर इकडं नाही, केसभर तिकडं नाही. एका बांधकामवाल्यानं दुसऱ्या दिवशी चार बोटं सरकवायला सांगितलं तर काम सोडून आले. आख्ख्या कुडव्याला हा नेम माहीत होता. ह्यांनाही.

टीव्ही कुठं लागणार हे ह्यांनी पाया खोदायच्या आधीच ठरवलं होतं. बाहेरच्या खोलीत, शोकेसच्या भिंतीवर. आणि माझ्या स्वयंपाकखोलीचं दार त्याच भिंतीत. म्हणजे आतून टीव्ही दिसायचा नाही, नुसता आवाज यायचा.

आवाजाचं मला नवीन नव्हतं. तीस वर्षं भाड्याच्या घरांत काढली, प्रत्येक घरात टीव्ही बाहेर आणि मी आत. सगळ्या मालिका मी ऐकल्या आहेत, पाहिली एकही नाही. कोण खोटं बोलतंय, कोण रडायचं नाटक करतंय, हे मला कढईत पळी फिरवता फिरवता कळायचं. दुष्ट जाऊबाई आली हे बांगड्यांवरून ओळखायची. प्रत्येकाचा चेहरा मी माझ्या मनानं करून ठेवला होता. नवं घर होतंय म्हटल्यावर मनात आलं, आता तरी ही माणसं एकदा बघावीत. ओट्याशी उभं राहिलं की दारातून समोरची भिंत थेट दिसते. मी ह्यांना म्हटलं होतं, "समोरच्या भिंतीवर नाही का चालत?" ते म्हणाले, "तिथं खिडकीचा उजेड पडते." विषय संपला. दुसऱ्यांदा बोलायला तोंड झालं नाही. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईनं मालिका बघायची म्हणून हट्ट धरायचा, माझं मलाच कसंतरी वाटलं.

तर ह्यांची खुर्ची झाल्यावर भाऊंनी मला विचारलं, "बाई, तुमी कुठं बसता?"

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, म्हणून उत्तरही तयार नव्हतं. "मी कुठं बसते," मी म्हटलं, "ओट्यापाशी उभी राहते."

भाऊ आत गेले. ओट्याशी उभे राहिले, डाव्या हातानं सांडशी धरल्यासारखं केलं, उजव्या हातानं नसलेल्या कढईत नसलेली भाजी हलवली. बराच वेळ हलवली. मग मान वळवून दाराकडं बघितलं. "जवाईबुवा," आतूनच म्हणाले, "इथून तं काहीच दिसत नाही."

"तिले टीव्ही आवडत नाही," हे बाहेरून म्हणाले.

भाऊंनी माझ्याकडं पाहिलं. मी लसूण सोलत होते, सोलतच राहिले.

घर ज्याचं, म्हणणं त्याचं. खिडकीच्या वर भोक पाडलेलं होतं, तिथून वायर आत येणार होती. तिथून डावीकडं शोकेसच्या भिंतीकडं भाऊंनी दोरा मारला. दोऱ्याचं दुसरं टोक ह्यांनी धरलं. निळीचा डबा खिडकीतच ठेवून भाऊ गेले. जाताना भिंतीकडं बघून म्हणाले, "कर विचार."

दुपारी हे जेवून झोपले. ह्यांची झोप म्हणजे मिलचा भोंगा वाजला तरी न मोडणारी. मी भांडी घासली, ओटा पुसला, आणि हातात ओलं फडकं होतंच. ते घेऊन बाहेर आले आणि भाऊंची रेघ पुसायला लागले. आधी ठरवलं होतं असं म्हणणार नाही, आणि नव्हतं असंही नाही. नीळ पुसली जात नाही, पसरते. रेघेच्या जागी भिंतीवर आभाळ उतरलं. आता मागं फिरून काय उपयोग. स्टूल घेतलं, डब्यातली नीळ बोटाला लावली, आणि त्याच भोकापासून उजवीकडं, समोरच्या भिंतीकडं रेघ ओढायला लागले.

दोरा मारायला दोन माणसं लागतात, मी एकटी. हात पोचेल तिथवर रेघ ओढायची, उतरायचं, स्टूल सरकवायचं, परत चढायचं. तीनदा सरकवलं. तिन्ही ठिकाणी रेघ वाकली. पहिल्या ठिकाणी तर अशी वाकली की तिला परत वर आणता आणता माझा जीव वर आला. समोरच्या भिंतीवर बरोबर मधोमध आणून एक फुली मारली आणि स्टूल जागेवर ठेवून दिलं. मग नळाखाली हात धरला. तीनदा साबण लावला. बोटं निळी ती निळीच.

ह्यांच्या लक्षात आलं नाही, कारण संध्याकाळी फिरून आले ते गच्चीवर पाणी मारायला गेले, आणि बाहेरच्या खोलीत अजून दिवा बसला नव्हता. सकाळी भाऊ आणि हे एकदमच त्या खोलीत शिरले. मी चहाचा ट्रे घेऊन मागं.

"काऊन भाऊ," हे म्हणाले, "काल रेघ तिकडं होती."

भाऊंनी पिशवी खाली ठेवली. त्यांनी डावीकडचं निळं आभाळ बघितलं. उजवीकडची रेघ बघितली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एखाद्याच्या शेतात रानडुकरं शिरून गेलेली असावीत तसा त्यांचा चेहरा झाला. मग त्यांची नजर माझ्या ट्रेवर आली, आणि ट्रेवरून बोटांवर.

त्यांनी ट्रे माझ्या हातातून काढून घेतला. "बाई, आत जा तुमी. दूध उतू जाऊन राहिलं."

गॅसवर दूध नव्हतं. मी आत गेले आणि दाराआड उभी राहिले.

"मीच बदलली जी," भाऊ म्हणाले. "सांजच्याले तुमी फिरायले गेले तवा आलो."

"अन् अशी वाकडी?"

"अंदर लोखंडी गज आहेत. चुकवले."

"तीन ठिकाणी?"

"तीन गज आहेत."

हे मुनीम होते. समोरच्याला त्याच्याच शब्दात धरायचं कसं, हे त्यांना चांगलं येत होतं. "हे पाहा भाऊ, एक तं दोरा मारून सरळ करा, नाही तं परत माझ्या भिंतीवर न्या," हे म्हणाले. आणि वर हसून, "का रेघ तुमची नाही?"

"माझीच."

"रात्र गेली तिच्यावर?"

"गेली."

"मंग तं तुमी केसभर हलवत नाही."

ह्यांना वाटलं, आता माणूस कचाट्यात सापडला. एवढी वाकडी रेघ ओळंबा काही फोडणार नाही, लाजून परत शोकेसच्या भिंतीवर येईल. आणि भाऊंना कळत होतं की रेघेला बोट जरी लावलं तरी ती त्यांची नाही हे उघडं पडतं, मग कोणाची, हे विचारायला वेळ लागत नाही.

आतून मला पिशवीचा आवाज आला. मग छन्नीवर हातोडी पडली. त्यांची हातोडी नेहमी घड्याळासारखी चाले. त्या दिवशी ती थोडी चाले, थांबे, परत चाले. तीनदा थांबली. आपलाच दात आपल्या हातानं उपटावा तसा त्यांनी माझा एक एक वाक फोडला, आणि एकही चुकवला नाही.

टीव्ही लागला. सिग्नल सत्त्याऐंशी आला, तो वाचताना भाऊंच्या आवाजात काही जीव नव्हता. मी मात्र ओट्याशी उभी राहून बघितला. खरं सांगते, पहिले चार दिवस फार वाईट गेले. ज्या दुष्ट जाऊबाईला मी काटकुळी, टोकदार नाकाची समजत होते, ती गुबगुबीत, गालाला खळ्या पडणारी निघाली. आणि ज्याच्या आवाजावर माझा जीव होता त्या मोठ्या दिराला पोट होतं. पाचव्या दिवसापासून सवय झाली. वरणाला उतू जाऊ द्यायलाही लागले.

ह्यांनी मात्र सगळ्या गल्लीत सांगितलं की ओळंबा वाकला. पानठेल्यावर लोक भाऊंना विचारायचे, "काय भाऊ, चष्मा लागला का?" भाऊ म्हणायचे, "गज होते." खोटं बोलायची सवय नसल्यामुळं दर वेळी तेच, तेवढंच. आमच्या घरावरून जाताना मान खाली घालून जायचे, आत यायचे नाहीत. मी गप्प राहिले. एक दिवस नाही, दोन वर्षं. रोज संध्याकाळी टीव्ही बघायची आणि गप्प राहायची.

तोवर लोक मोबाईलवरच सगळं बघायला लागले होते, भाऊंची कामं कमी होत चालली होती. अशात गल्लीच्या टोकाला एका शेठजींनी लॉज बांधायला घेतलं. बारा खोल्या, बारा पॉइंट. एवढं काम भाऊंना कित्येक महिन्यांत मिळालं नव्हतं. शेठजींनी विचारपूस केली तर आमचे घरधनीच म्हणाले, "त्यांच्यासारखा माणूस नाही. या, आमच्याकडं काम पाहा." मन मोठं आहे ह्यांचं, पण डोकं कधी कधी जागेवर नसतं. झोपायच्या खोलीतही भाऊंनी तेव्हाच एक जादा पॉइंट काढून ठेवला होता, तो सरळ, तो दाखवायचा म्हणून घेऊन आले, भाऊंनाही बोलावलं. शेठजी दारातून आत शिरले आणि आधी टीव्हीची भिंतच दिसली.

बुजवलेली झिरी रंगाखालूनही दिसते, बारीक चीर पडते तिथं. शेठजी थांबले. "ये क्या है भई? लाइन है के नागिन?"

"अंदर गज होते जी," भाऊ म्हणाले.

शेठजींनी भिंतीवर बोटाच्या पेरांनी ठोकलं. "ईंट की दीवार में गज?"

दोन वर्षं हे कोणी विचारलं नव्हतं.

"मेरे बारह कमरे हैं. हर कमरे में ऐसी नागिन छोड़ोगे तो गिराहिक सोएगा कैसे?"

"बरोबर आहे जी," म्हणून भाऊंनी पिशवी उचलली. मी आतून बघत होते. ते माझ्याकडं बघतील असं मला वाटलं. बघितलं असतं तर कदाचित मी तेव्हाही गप्प राहिले असते, रागावून. ते बघत नाहीत म्हटल्यावर मला राहवेना. हातात झारा होता, तसाच घेऊन बाहेर आले.

"ती रेघ माझी होय," मी म्हटलं.

कोणाला काही कळलं नाही. मग मी स्टूल सांगितलं, फडकं सांगितलं, नीळ सांगितली. हे खुर्चीत बसले.

"आपने खींची?" शेठजी म्हणाले. "काहे को?"

"मले टीव्ही पाहायचा होता."

एवढंसं वाक्य. तीस वर्षं कुठं अडलं होतं कोण जाणे.

शेठजी भाऊंकडं वळले. "और तूने देख के भी इसी पे काट दिया?"

भाऊ पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होते.

"सीधी लाइन आती है ना?"

"येते जी."

"कल से आ जा. और सुन, मेरी घरवाली को स्टूल मत देना."

शेठजी गेले तरी भाऊ उभेच. मला वाटलं, आता चार चांगले शब्द बोलतील. तर म्हणाले, "कायले सांगतलं बाई? जन्मात एकच खोटं बोललो होतो, तेही पुरं नाही होऊ दिलं." आणि रागानं निघून गेले.

ह्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. "मले काऊन नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं. एकदा."

"एकदा," हे म्हणाले. मग म्हणाले, "माझ्यासारख्याले दोनदा सांगा लागते."

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजच्या कामावर जायच्या आधी भाऊ आमच्या दारात. हातात दोरा, नीळ, छन्नी. "आता सगळ्यायले माहीत झालं," म्हणाले, "आता तिले वाकडं राहायचं काही काम नाही. फोडून सरळ करून देतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. "हात नका लावू."

"बाई, ती वाकडी आहे."

"माझी आहे. हात नका लावू."

"मले या गल्लीतून जाता येत नाही बाई तिच्यापायी."

"मागच्या गल्लीनं जात जा."

भाऊंनी आशेनं ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी पेपर खाली घेतला. "तिनं दोनदा सांगितलं भाऊ," हे म्हणाले. "आता माझं काही चालत नाही."

भाऊंनी छन्नी पिशवीत टाकली. पण गेले नाहीत. मला हातानं बाजूला व्हायला सांगितलं, भिंतीजवळ आले, आणि खिडकीपासून त्या चिरेवरून बोट फिरवत निघाले. पहिला वाक आला, तोंड वाईट केलं. दुसरा आला, मान हलवली. तिसऱ्यापाशी बोट थांबवलं, पुढं प्लेटपर्यंत नेलं, परत मागं आणलं, परत नेलं.

"इथून पुढं तुमचा हात बसत आला होता," ते म्हणाले. "भिंत अजून दोन स्टूल लांब राहती, तं सरळ आली असती."